ओल

कानाझावात हिवाळाभर भिंतीसुद्धा दमट.
दुपारी दोनपासून मी रंगमंचामागे कोळशांवर वाकलेला.
इसोबेंच्या थोरल्या त्सुझुमीची चामडी
शेकायची, उलटायची, पुन्हा शेकायची,
पापुद्र्यासारखी कडक होईस्तोवर.
तिला ओल म्हणजे मरण.
दहा-बारा प्रयोगांत चिरून संपते ती,
आणि कुणी हळहळत नाही.

धाकटीचं उलटं.
डमरूच्या घाटाची, शेंदरी दोऱ्यांत बांधलेली,
खांद्यावर बसते लाडावल्यासारखी,
आणि सारखी तोंडाची वाफ मागते.
मोरिवाकी गेन्साकु तिला गालाशी नेऊन श्वास सोडतात,
नखाएवढा कागद जिभेवर भिजवून
मागच्या चामडीला डकवतात.
मगच ती म्हणते, पों.
तिचं कातडं एकशे चाळीस वर्षांचं.
ज्या शिंगराचं होतं
ते धावलं असेल जेमतेम एक उन्हाळा.

चौतीस वर्षं मी कोळसे फुलवले.
वाजवलं कधीच नाही.
मागे बसलो, मांड्यांवर हात ठेवून.

यंदा गेन्साकु इस्पितळातून परतले.
घशातली गाठ गेली,
किरणांनी जाताजाता लाळही नेली.
वाटीत पाणी ठेवू का, मी विचारलं.
"पाण्याला चिकटपणा कुठला," म्हणाले,
आणि दोऱ्या आवळत बसले.

उत्तरार्धात भूत पुलावरून परत आलं.
इसोबेंनी ठिणगी टाकली: कान्!
धाकटीनं उत्तर द्यायचं,
तर नुसती टकटक,
रिकाम्या घराचं दार वाजवावं तशी.
गेन्साकुंनी कागद जिभेवर ठेवला. काढला.
कोरडाच.
पुन्हा ठेवला.

मग मान न वळवता
त्यांनी हात मागे केला.
तळहातावर तो तुकडा.

दिवसभर विस्तवापाशी माझंही तोंड सुकलेलं.
मी डोळे मिटून उमेबोशी आठवली,
स्टेशनापलीकडच्या सुगिताबाईंच्या दुकानातली,
मिठानं पांढरी पडलेली, दात आंबवणारी.
जबड्याच्या कोपऱ्यांतून पाणी सुटलं.
कागद भिजवला. दिला.

योऽऽ अशी त्यांची हाक.
मग काहीच नाही, इतका वेळ
की भुताचा पायही हवेत थांबला.
मग
पों.

नंतर गेन्साकु चपला घालून निघून गेले,
नेहमीसारखे, नुसती मान लववून.
मी निखाऱ्यांवर राख ओढली,
बाहेर येऊन सवयीनं बर्फात थुंकलो,
आणि वाटलं,
अरे, वाया गेली.