टिंब

लीड्सच्या मैदानावर, स्कोअररच्या खोलीत
एडिथ थॅकरे सकाळीच पेन्सिलींना टोक काढून ठेवते.
काळी, हिरवी, तांबडी. प्रत्येक गोलंदाजाला एक रंग.
शेजारचा पोरगा लॅपटॉपवर बोटं नाचवतो,
अधूनमधून तिच्या वहीत डोकावून
आपला आकडा गुपचूप दुरुस्त करतो.

चाळीस वर्षांत तिनं सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल,
तर टिंब.
काहीच घडलं नाही, याची नोंद.
चेंडू आला, सोडून दिला: टिंब.
पाय पुढे, मान खाली, अडवला: टिंब.
सहा टिंबं रेघेनं जोडली की निर्धाव षटक,
वहीत दोन उतरती छपरं उभी राहायची,
ढगाळ दुपारी तर छपरांची अख्खी गल्ली.
तिचा नवरा क्लाइव्ह त्याच गल्लीतला:
क्लबच्या सामन्यात दोन तास उभा राहून अकरा धावा,
आणि घरी चहा ओतताना,
"आज हात बरा बसला."

आता ही नवी पोरं.
पहिल्याच चेंडूला अशी धावून जातात,
जणू समोरचा उसने पैसे बुडवून पळालाय.
गुडघा टेकून, बॅट उलटी करून, स्लिपच्या डोक्यावरून.
कसोटी आहे ही, कुणीतरी सांगा त्यांना.
वहीत चौकार-षटकारांची दाटी,
टिंबाला टेकायला जागा नाही.
लेगस्पिनरची तांबडी पेन्सिल
दुपारपर्यंत बोटभर उरते.
पलीकडच्या पायऱ्यांवर
नन्सच्या वेशातले वीस प्लंबर नाचतायत.

तिला राग येतो म्हणावं, तर तसंही नाही.
तिसऱ्या षटकाराला ती खुर्चीतून अर्धी उठली होती.
पोरग्यानं पाहिलं. तिनं खोकल्याचं निमित्त केलं.

पाचवा दिवस. एकोणीस हव्यात, शेवटची जोडी.
ओव्हनडेन, अकरावा, दाढीही धड न फुटलेला.
सगळ्यांना ठाऊक, हा आता बॅट भिरकावणार.
चेंडू येतो.
पाय पुढे. मान खाली.
टक्.
चेंडू त्याच्या बुटाशी निजतो.

नन्स थांबतात. कुणी हुर्यो करतं.
एडिथ पेन्सिल टेकवते
ती इतकी दाबून की टोकच मोडतं.

पुढचा तो उंच उडवतो. लाँग-ऑनला झेल. संपलं.
लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, हरलेल्यांसाठी.
हे तिच्या वेळी नव्हतं.

"शेवटून दुसऱ्याला काय झालं?" पोरगा विचारतो,
"माझा एक चेंडू निसटलाय."

ती पान उलटून त्याच्यापुढे सरकवते.
"बोट फिरव," म्हणते. "लागेल हाताला."