रकाना सात

दादा पेन्शनीवर गावी आला तेव्हा
ट्रकातून एक लोखंडी पेटी उतरली
आणि तीन गाद्या, दिल्लीच्या, जाड.
पेटीत सरकारची गुपितं आहेत, असं गाव बोललं.
निघाले फॉर्म. कोरे. वेगवेगळ्या सालांचे.

एकाहत्तरला तो नायब तहसीलदार, चामोर्शीकडे,
सीमेपलीकडून आलेल्यांच्या छावणीत.
ताडपत्री, डाळ, डोकी मोजणं.
रकाना सात : मूळ गाव.
एका म्हाताऱ्याने गावाऐवजी नदीचं नाव सांगितलं.
गाव तिच्या पोटात गेलेलं, सीमा पडायच्याही आधी.
दादाने नदी लिहिली.
साहेबाने लाल शाईने खोडली.

पुढचं वहिनीकडून ऐकलेलं.
नागपूर, मुंबई, मग दिल्ली,
आणि या देशात कोणी राहायचं
हे ठरवणाऱ्या कागदाखाली सही :
नीळकंठ सीताराम डोंगरवार.
त्याच पेनाने त्याने माणसं परतही पाठवली.
किती, ते वहिनीला ठाऊक नाही.
काही रात्री तो जेवायचा नाही.
ती ताट झाकून ठेवायची.

"इतक्या वर्षांत केलं काय तू?" मी विचारलं.
लहान बहीण, मला हक्क.
त्याने पेटीतले दोन फॉर्म एकावर एक
उजेडासमोर धरले.
"सातवा रकाना बघ. अर्धा इंच रुंद केला.
अकरा वर्षं लागली. चार सचिव."

आमचे वाडवडील काशीकडून आले म्हणतात,
गोंड राजाने बोलावलेले, तलाव बांधायला,
खांद्यावर फावडं एवढीच ओळख.
तेही मी काढलं, तर म्हणाला,
"दंतकथा. पुरावा नाही."
शेवटी अधिकारीच.

काल रोवणा होता.
दादा धुऱ्यावर खुर्ची टाकून, पायात मोजे.
बायांनी पऱ्हा उपटला, पेंड्या बांधल्या,
दुसऱ्या बांधीत नेल्या.
"मुळं धरायला किती दिवस?"
सायत्रा वाकल्या वाकल्याच बोलली,
"चार रोज पिवळं पडते साहेब. मंग भुलते."
"भुलते?"
"नाही त का? भुलल्याबिगर लोंबी कशी येईन?"

त्याने खिशातून पेन काढलं.
कागद नव्हता.
डाव्या तळहातावर काहीतरी लिहिलं, बारीक अक्षरात.

संध्याकाळी जेवायच्या आधी
मी तांब्याने पाणी घातलं.
त्याने उजवा हात तेवढा पुढे केला.