ओतीव

उद्यमनगरात सोमवारी भट्ट्या बंद.
सोमवारीच धैर्यशील ओव्हन लावतो.
मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सोमवार
अजून सुट्टीसारखाच अंगात उतरतो.

लोणी गंगावेशीतलं, म्हशीचं.
तो ते कढवतो आणि तूप व्हायच्या आत थांबतो.
"बाबा, वास आला? बदामासारखा?"
मी मान हलवतो.
मला वास येत नाही, हे घरात
फक्त त्याच्या आईला माहीत आहे.
चाळीस वर्षं वाळूत काकवी कालवून
कोअर भाजले आम्ही, काळे, कडक,
पंपाच्या पोटात पोकळी राहावी म्हणून.
सगळी शेड जळक्या गुळाची.
नाकानं घेतलं तेवढं घेतलं,
मग दुकान बंद केलं.
चहा म्हणजे आता दोनच गोष्टी. गरम. गोड.

फ्रेंच केक म्हणे. मादलेन.
शेजारच्या हौसाक्का त्याला मदालसा म्हणतात,
आणि हात पुढं करण्याआधी विचारतात,
"अंडं हाय का रं ह्यात?"
असतं. तरी खातात.

बाहेरदेशी साचा अडीच हजाराचा.
मी म्हटलं, थांब.
साचा विकत आणायचा, ह्या घरात?

गणपतीपुळ्याच्या टपरीवरचा शिंपला
टीव्हीशेजारी पडून होता,
पोटात किमतीचा कागद अजून चिकटलेला.
तो समोर ठेवून सागवानात पॅटर्न कोरला.
कडा जरा उतरत्या, वाळूतून सुटताना ओरखडू नये म्हणून.
गार होताना धातू आकसतो, तेवढं माप वाढीव.
हे हुसेन मिस्त्रींनी शिकवलेलं,
एकदा तोंडानं, दोनदा फुटपट्टीनं.

बारा शिंपले, प्रत्येकाला तेरा रेषा.
सातवा कोरताना दळवी दारात येऊन उभे.
"पोरगं काय करतंय हल्ली?
इंजिनेर झालं हुतं न्हवं?"
पटाशी सरकली.
सातव्याला बारा रेषा आणि एक खोक.
लांबी भरता आली असती.
नाही भरली.

लोणी फासून साचा तो फ्रिजात ठेवतो.
मला ते बघवत नाही.
गार साच्यात ओतलं की काय होतं,
ते माझ्या डाव्या मनगटाला विचारा.
तो हसतो. "गारच पाहिजे बाबा,
नायतर पाठीवर उंचवटा येत नाही."
मग ओव्हनच्या काचेसमोर दोघं उकिडवे,
गुडघ्यांची कुरकुर माझी एकट्याची.
आठव्या मिनिटाला मधोमध फुगायला लागतं,
तालमीतल्या पोरानं दंड वळवावा
आणि बेडकी वर यावी, तसं.

साचा उलटा करून ओट्यावर एकदाच आपटायचा.
हे काम माझं.
दोनदा आपटावं लागलं तर चूक कोरणाऱ्याची.
एकदाच आपटतो. बारा सुटतात.

चहा येतो.
धैर्यशील ताटली ठेवतो आणि बोलता बोलता वळवतो,
सातवा माझ्या बाजूला येईल अशी.
कधीपासून वळवतोय, विचारलं नाही.

मी अंगठा फिरवतो.
दहा, अकरा, बारा,
मग खोक,
आणि नखात भुसा, पायाशी सागवानाची साल,
दारात दळवी, त्यांच्या चपलेचा तुटका अंगठा,
मागं उन्हात उभी त्यांची लुना,
सगळं जिथल्या तिथं.
त्या दिवशी मी म्हणालो होतो, "बघतोय काहीतरी."
एवढंच म्हणालो होतो.

चहात बुडवला. बोलायच्या नादात जास्त वेळ बुडवला.
अर्धा तळाला गेला.
त्यानं चमचा पुढं केला.
"कसं झालंय?"
"रेषा स्वच्छ सुटल्यात," मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं,
मग ओव्हनशेजारच्या वहीत तेच लिहिलं.

चार कागदात बांधून ठेवलेत, दळवींकडं द्यायचे.
मीच जाईन संध्याकाळी.
विचारलंच त्यांनी,
तर म्हणायचं, ओतकाम करतंय.