लटारी पेंदोरचा डावा पाय

राजूरच्या खाणीत दिवे वाटायचा तो,
मी त्याच्या हाताखाली.
पितळी बिल्ला घ्यायचा, दिवा द्यायचा,
पाळी सुटली की दिवा घ्यायचा, बिल्ला द्यायचा.
कोण वर आलं नाही ते आधी आम्हाला कळायचं,
खिळ्यावर उरलेल्या बिल्ल्यावरून.

हा माणूस कधीकाळी पायाचे पैसे घ्यायचा
हे पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नाही.

चेंडू गावात आणला प्रॉसर साहेबानं.
तोही कोळशाच्याच मुलखाचा, वेल्स नावाच्या.
तिकडे म्हणे दर खाणीमागे एक प्रार्थनाघर
आणि अकरा पोरं असतात.
आमच्याकडे चुनाभट्ट्या होत्या.
पोत्यानं चुना आणून रेघा मारल्या, बांबूचे खांब रोवले.
अर्ध्या तासात सगळे वरून काळे, खालून पांढरे,
कोण कुठल्या बाजूचा ते कळेना.

लटारी तेव्हा चौदाचा. टोपल्या वाहायचा.
उजव्या पायात बाभळीचा काटा मोडलेला,
म्हणून डाव्यानं मारला.
एवढीच गोष्ट. तो स्वतः एवढीच सांगायचा.

एक्कावन्न साली नागपूरच्या मिलनं नेला.
हजेरीपटावर साचेखात्यात, साच्याला कधी हात नाही.
महिना पंचावन्न रुपये, सकाळी दूध,
आणि बूट, तळाला चामड्याच्या गुंड्या ठोकलेले,
जे पहिले सहा महिने तो सामना संपला की काढून
हातात धरून खोलीवर न्यायचा.

अकरा हंगाम. कामठी, जबलपूर, खडगपूर.
डाव्या कडेनं, रेघेला चिकटून.
पावसात चेंडूचा दगड व्हायचा,
डोक्यावर घेतला तर वादीची गाठ कपाळावर उमटायची.
ती खूण मी रोज पाहत होतो.
देवीचा व्रण समजत होतो.

कलकत्त्याला निवड चाचणी, एकदाच. वीस मिनिटं.
याच्या पासवर गोल झाला.
दुसऱ्या दिवशी पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव बरोबर,
याचं छापलं ‘एल. पांडे’.
कात्रण त्यानं तरी जपलं. मला दाखवून म्हणाला,
“पाय माहाच हाये गा त्यातला.”

मग गुडघा. चिखलात पाय रुतला, माणूस फिरला.
मिलनं त्याच्या नावानं एक सामना ठेवला, तिकीट चार आणे.
एकशे बारा रुपये जमले, आणि एक छत्री,
जी कुणीतरी बाकावर विसरून गेलं होतं.

वणी स्टेशनवर जंगूबाई घ्यायला आली,
भट्टीवरून तशीच, पापण्यांवर चुना.
छत्रीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं.
“चालता येते ना? मंग चाल.”

अकरा नंबरचा दिवा तो कुणाला द्यायचा नाही.
त्यावर लोकांनी काय काय रचलं होतं.
शेवटी मी विचारलंच.
“काच तडकली हाये त्याची,” म्हणाला,
“तीन अर्ज केले.”

एकदा रात्रपाळीच्या आधी
कॉलनीतल्या पोरांचा चेंडू दारातून आत आला,
घरंगळत नाही, चांगला जोरात.
लटारी स्टुलावर बिल्ले मोजत होता. वर पाहिलंही नाही.
डावा पाय पुढे झाला
आणि चेंडू जागच्या जागी निजला.
पोरं दारात गप्प. मीही थांबलो,
आता काहीतरी करून दाखवेल असं वाटलं.
त्यानं गुडघा दाबत, वाकून, चेंडू हातानं उचलला,
अंगठ्यानं चेपून पाहिला.
“हवा कमी हाये बे यात,” म्हणाला,
आणि मला सायकलचा पंप आणायला पाठवलं.

बाहेर पाळीची रांग लागली होती.
थांबली.