शेरा

फॉर्मात चौदा रकाने आहेत.
चासी क्रमांक, इंजिन, टायर,
चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये,
आणि सगळ्यात शेवटी, बोटभर रुंदीचा:
शेरा.

नीनेसहाम्नच्या धक्क्यावर वारा असा
की कागद हातात ठरत नाही.
लिथुआनियाहून आलेला पोरगा, रिमांतास,
गाडीभोवती फिरतोय
बाजारात बैल बघायला आलेल्या माणसासारखा.
धर्माची गाय, दात कोण मोजणार?
तरी तो वाकून बघतो, आणि विचारतो,
हिने कुठलं युद्ध पाहिलं?

आमचं? एकही नाही.

बेचाळीस साली चहूकडे आग होती
आणि आम्ही मधल्या घरात कड्या लावून बसलेलो.
मालवाहू ट्रकच घेतला होता आम्ही,
त्याच्या अंगावर पोलादी पत्रे तिरके जोडले.
छप्पर घातलं नाही.
कोणी म्हणे पोलाद पुरलं नाही,
कोणी म्हणे सैनिकांना पटकन उड्या मारता याव्यात म्हणून.
माझी मावशी यर्डा तेव्हा सोडरटेल्येला वेल्डिंग करायची.
म्हणायची, हेरिंगचे डबे बनवत होतो आम्ही,
झाकणाचं कुणी बोललंच नाही.

शत्रू आला नाही.
गाडी वाट बघून म्हातारी व्हायला लागली.
मग एकसष्ट साली तिला पांढरा रंग फासला
आणि जहाजावर चढवली,
ज्यांच्याशी आमचं कधी साधं भांडणही नव्हतं
त्या काँगोकडे.

तूरे, आमचा फोरमन, तिच्या पोटात बसून होता एलिझाबेथव्हिलमध्ये.
पंचवीस वर्षांत एकदाच बोलला,
कॉफीचा तिसरा कप थंड होत असताना.
रस्त्याला दुतर्फा जकरंडा, म्हणाला,
जांभळी फुलं वरून थेट आत पडायची,
हेल्मेटवर, मांडीवर, बंदुकीच्या नळीत.
कालिक्सचा ओव्हे, एकोणीस वर्षांचा,
त्याने एक फूल पाकिटात ठेवलं, बहिणीसाठी.
दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर
दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
त्याच वाटेने
जे आलं ते फूल नव्हतं.

संध्याकाळी एक बाई बादली घेऊन आली. मुजिंगा नाव तिचं.
कोणत्या बाजूचे तुम्ही, असं न विचारता
तिने गाडीचा तळ धुतला, दोनदा.
तिसऱ्यांदा पाणी तरीही गुलाबीच आलं.
एवढं सांगून तूरे उठला आणि पाना शोधायला लागला.
पाना त्याच्या खिशातच होता.

छप्पर मी बसवलं. फार वर्षांनी, वरून हुकूम आला तेव्हा.
वेल्डच्या हादऱ्याने दाराच्या घडीतून
लाल माती गळली, चमचाभर.
आमच्याकडे असली माती कुठे नाही.
तंबाखूच्या डबीत भरून ठेवली,
का ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

रिमांतास छपरावर थाप मारतो.
चांगलं आहे, म्हणतो, आणि पहिल्यांदाच हसतो.
त्याच्या गावात, त्या जानेवारीत,
लोक रणगाड्यांपुढे नुसत्या हातांनी उभे राहिले होते.
तो पंधरा वर्षांचा. आईने त्याला आत ओढलं
आणि खिडकी लावून घेतली.
खिडकी, तो पुन्हा सांगतो,
शब्द बरोबर आहे ना हे बघत.

बरोबर आहे.

बोट भोंगा देते. डबी माझ्या खिशात आहे,
तिच्यासाठी फॉर्मात रकाना नाही.
दार लावण्यापूर्वी निम्मी माती घडीत परत ओततो,
निम्मी ठेवतो. पोरगा बघतो, विचारत नाही.

मग पेन झटकून लिहितो:
पहिला गिअर अडतो, घाई करू नये.
डावं दार थंडीत चिकटतं.
छप्पर नंतर बसवलेलं आहे.