उसवताना

तांपेरेत उणे अठरा. बस डोळ्यांदेखत गेली.
चालतच आले. तिकिटाचे पैसे वाचले असं मी म्हणत नाही,
पायांनी ते कमावले.

जुन्या वस्तूंच्या बाजारात फळ्या मिळतात, आठवड्याच्या भाड्याने.
एकेका फळीवर एकेका घराचं नको झालेलं.
एकशे चौदा नंबरवर एक स्वेटर होता,
मेंढीच्याच रंगाचा, कोपरांत विरलेला,
गळा ताणून ताणून सैल. तीन युरो.
"हा कोण घालणार?" गल्ल्यावरची पोरगी म्हणाली.
कुणीच नाही, म्हटलं. उसवणार आहे.
तिने असं पाहिलं
जणू मी घड्याळ विकत घेऊन उकडून खाणार आहे.

बावीस वर्षं सूतगिरणीत काढली,
गिरणी बंद पडेपर्यंत.
रोज किती मैल धागा गेला डोळ्यांसमोरून,
त्यातला वीतभरही माझा नव्हता.
हा तीन युरोंत सगळाच.

पूर्वी वेइक्को बसायचा हात पुढे करून,
लडीसाठी, कुरकुरत, बातम्यांवर एक कान ठेवून.
आता खुर्ची उलटी करते.
खुर्ची कुरकुरत नाही,
एवढाच तिचा दोष.

उसवताना सगळं कळतं.
विणणारीने पाठ निवांत विणलेली, बाह्या घाईत,
बहुधा थंडी तोंडावर आली होती.
काखेपाशी एक टाका सुटलेला,
चार ओळींनंतर लक्षात येऊन
खालून वर उचलून घेतलेला.
तिथे तिला कुणीतरी हाक मारली असेल.
किंवा दूध उतू गेलं असेल.
मीही तिथे थांबले जरा,
कॉफी ठेवली.

जिन्यात मला चिक्कू म्हणतात, हळू आवाजात,
माझे कान अजून शाबूत आहेत हे विसरून.
पण वेलची मी मोजत नाही.
रविवारी पावांत इतकी कुटून घालते
की वास चौथ्या मजल्यावर जातो
आणि चौथा मजला खाली येतो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
मी आधी पायच नीट पाहिले.
फार लहान निघाले.

सत्तरावा वाढदिवस. सिर्पाने हेलसिंकीहून
कोट आणला, नवा कोरा.
"आई, एकदा तरी कुणी न घातलेलं घाल."
तिच्या आवाजात तिसरीतला फ्रॉक होता,
मावसबहिणीचा, कॉलरच्या आत
लाल दोऱ्याने दुसरंच नाव.
वर्गातल्या मुलींनी ते वाचलं होतं.
मला हे आज कळलं, चाळीस वर्षांनी.
एवढं सगळं उसवलं आयुष्यात,
ती चार अक्षरं तेवढी राहिली.

कोट घातला. बाह्या कडक.
खिशांना अजून कारखान्याचा टाका,
आत ना जुनं तिकीट, ना गोळीचा कागद,
कुणाच्या बोटांची ऊब नाही.
किमतीचं लेबल कापलं, त्याची दोरी
गुंडाळून डब्यात ठेवली,
मार्चमध्ये टोमॅटोच्या रोपांना लागेल.
सिर्पा हसली. मग रडली.
मग म्हणाली, पाव उरलाय का?

लोकरीचे हातमोजे झाले, दोन जोड.
एक सिर्पाला. त्यावर नाव नाही कुणाचं, मी दोनदा पाहिलं.
दुसरा गल्ल्यावरच्या पोरीला,
दार उघडं राहतं तिथलं, बोटं निळी पडलेली तिची.
तिने घातले, मुठी वळून पाहिल्या.
"हा तोच स्वेटर?"
तोच, म्हटलं. टाका सुटलेलाही ह्यातच आहे कुठेतरी.

कोट रोज वापरते. अजून बोलत नाही तो माझ्याशी.
वीस वर्षं देईन त्याला, तोवर मी नव्वद.
मग जाईल कुठल्या तरी फळीवर,
कुणीतरी सहज हात घालील आत.
खिसे मी उसवलेत.
उजव्यात आत्तापासूनच
एक वेलची ठेवली आहे.