पाणसळ

सांबऱ्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
विमान नटबोल्टांनी जमिनीला आवळलंय.
इंजिन नाही, पंख नाहीत.
तीन पडदे, एक खुर्ची,
आणि खुर्चीखाली निळी बादली,
जिचं नाव कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

मी मागे बसते, कन्सोलवर.
वारा मी सोडते. धुकं मी घालते.
सव्वीस नंबरची धावपट्टी ओली करते
एका बटणानं.

पोरांना काही होत नाही.
पावश्यांचा प्रज्वल परवा पडद्यात दोनदा कोसळला
आणि उतरून थेट मिरची-भजी खायला गेला.
कॅप्टन बारेटो मात्र,
चौदा हजार तास उडालेला माणूस,
सातव्या मिनिटाला म्हणाले, "अष्टेकर बाई, थांबवा."
मी थांबवलं.
आभाळ डाव्या कुशीवर तसंच गोठलं.
तेच वाईट झालं.

डोळा म्हणतो, वळतोय.
कान म्हणतो, कुठं काय?
बसलायस की खुर्चीत.
आणि पोट बिचारं दोघांच्या भांडणात सापडतं.
ज्यानं खरं आभाळ कमावलंय
त्याचाच कान जास्त हट्टी.

माझे बाबा गवंडी होते, अष्ट्यातले.
त्यांच्याकडे वीस हात लांब नळी होती,
आरपार दिसणारी, पाणी भरलेली.
एक टोक मी धरायची,
दुसरं घेऊन ते भिंतीपलीकडे जायचे,
दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा:
"हलू नको गं. पाणसळ खोटं बोलत नाही,
डोळा बोलतो."
कानाच्या आतही तसंच पाणी असतं म्हणे.
थेंबभर.

कॅप्टनना बाहेर कट्ट्यावर बसवलं.
मीठ लावून आल्याचा तुकडा दिला.
म्हटलं, लांब बघा, येळ्ळूरचा गड बघा.
तो हलत नाही.
ते बघत राहिले. कपाळावर घाम,
खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या.
"तुम्हाला नाही होत?
दिवसभर तेच बघता."

मला हसूच आलं.
सकाळी बसची पाटी एका लिपीत वाचते,
आत कंडक्टर दुसरंच ओरडत असतो,
शेजारीण विचारते, काय करूलैस गं?
रजेचा अर्ज कन्नडात, चेकलिस्ट इंग्रजीत,
आणि ठेच लागली की आई मराठीत.
माझा डोळा आणि माझा कान
जन्मापासून वेगळ्या गावांत राहतात,
तरी एकाच घरी जेवायला येतात.
एवढं कोण सांगणार.
"सवय आहे," म्हटलं.

बारा तास त्यांना उड्डाणबंदी.
स्कूटरसुद्धा चालवायची नाही, नियमच आहे.
कॅम्पातून मुलगा न्यायला आला.
कॅप्टन मागे बसले,
त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरून.

मी बादली धुतली, पालथी घातली.
पडदा सरळ केला.
सातच्या बसनं घरी.

रात्री दिवा मालवला
आणि खाट हळूच डावीकडे कलली.
अंधारात भिंतीला तळवा लावला,
बाबांनी रचलेल्या.
भिंत ओळंब्यात होती, तळव्याला कळत होतं.
खाट कलतच राहिली.

कुणाला बोलले नाही.
उद्या पहिली फेरी साडेआठला.